शालेय ग्रंथपालांचे व्यावसायिक शिक्षण आणि लर्निंग कॉमन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रंथालयाचे लर्निंग कॉमन्स (शिक्षक आणि ग्रंथपाल मिळून शिकवतात अशी शिकण्याची सामायिक जागा) करायचे ठरले की बहुतेक ठिकाणी पहिला खर्च फर्निचरवर होतो. ग्रंथपालाने काय शिकायचे, याचा विचार सर्वांत शेवटी होतो. हा क्रम उलटा हवा. ही उत्तरे शाळेत काम करणाऱ्या ग्रंथपालांसाठी आणि त्यांच्यासाठी प्रशिक्षण आखणाऱ्यांसाठी आहेत.

लर्निंग कॉमन्स हे ग्रंथालयाचेच नवे नाव आहे का?

नाही. १९९०च्या दशकात काही विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी संगणक, संदर्भसेवा आणि गटाने बसून काम करण्याची जागा एकत्र आणली. तिथून ही कल्पना वाढली. २००८ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे अमेरिकन प्राध्यापक डेव्हिड लोर्चर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ती शाळेसाठी सविस्तर मांडली, आणि २०१४ मध्ये कॅनडात शालेय लर्निंग कॉमन्ससाठी राष्ट्रीय मानके आली.

पुस्तके तिथेही असतात, निवांत वाचनही असते. फरक आहे तो ग्रंथपालाच्या कामात. विषयशिक्षक आणि ग्रंथपाल मिळून पाठ आखतात, मिळून शिकवतात आणि मुलांचे काम मिळून तपासतात. एवढे घडत असेल तर जुन्या टेबलांवरही लर्निंग कॉमन्स चालते. हे घडत नसेल, तर चाकांच्या खुर्च्या आणूनही काही बदलत नाही.

मग ग्रंथपालाने नव्याने शिकायचे ते नेमके काय?

वर्गीकरण, तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणे), देवघेव, साठापडताळणी ही कौशल्ये पदवी-पदविकेत मिळालेली असतात. उणीव राहते ती शिकवण्याशी जोडलेल्या कामांत. आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघ इफ्ला याच्या २०१५ च्या शालेय ग्रंथालय मार्गदर्शक तत्त्वांत वाचनवृद्धी, माध्यम व माहिती साक्षरता, शोधाधारित अध्यापन, तंत्रज्ञानाचा वापर आणि शिक्षकांच्या व्यावसायिक विकासाला हातभार, अशी कामे शालेय ग्रंथपालाची म्हणून सांगितली आहेत. या यादीतले मधले तीन विषय बहुतेकांना जड जातात, कारण ते करायचे तर चाळीस मुलांसमोर उभे राहून तास घ्यावा लागतो.

त्यामुळे शिकण्याचा क्रम असा ठेवा: आधी सहनियोजन (शिक्षकासोबत पाठ आखणे), मग शोधप्रक्रिया शिकवणे, मग माहितीची पारख, मग मुलांच्या शिकण्याचा पुरावा गोळा करणे. जागेची मांडणी आणि उपकरणे या सगळ्यानंतर.

दोन दिवसांच्या कार्यशाळेने भागत नाही का?

ओळख होते, सवय बदलत नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी शिक्षक-प्रशिक्षणाचा दीर्घकाळ अभ्यास केला. तत्त्व सांगणे, करून दाखवणे आणि सराव इथपर्यंतच प्रशिक्षण थांबले, तर त्यातले फार थोडे वर्गात उतरते; कामाच्या ठिकाणी सोबत मिळाली की ते टिकते, असे त्यांना आढळले. २०१७ मध्ये लिंडा डार्लिंग-हॅमंड आणि सहकाऱ्यांनी ३५ अभ्यास तपासले. परिणामकारक प्रशिक्षण विषयाला धरून असते, त्यात हाताने काम असते, ते सहकाऱ्यांसोबत होते आणि बराच काळ चालते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

कार्यशाळा घ्यायचीच असेल तर तिचे दोन तुकडे करा. पहिला दिवस झाल्यावर सहा आठवड्यांचे अंतर ठेवा. या काळात प्रत्येक ग्रंथपालाने एका शिक्षकाबरोबर एक पाठमाला घ्यावी. दुसऱ्या दिवशी मुलांनी केलेले काम सोबत घेऊनच यावे. दुसऱ्या दिवसाचा विषय हे कामच ठरवते. वेगळे व्याख्यान लागत नाही.

मी आज कुठे आहे, हे कसे ओळखू?

एकच मानक निवडा. अमेरिकन शालेय ग्रंथपाल संघटनेची २०१८ ची मानके शोध घेणे, सर्वांना सामावून घेणे, सहकार्य करणे, निवड व जुळवणी करणे, नव्याचा वेध घेणे आणि जबाबदारीने सहभागी होणे या सहा पायांवर उभी आहेत. कॅनडाच्या मानकांत प्रत्येक बाबीसाठी वाढीचे टप्पे दिलेले आहेत, म्हणून स्वतःला तपासायला ती सोपी पडतात.

तपासताना एक शिस्त पाळा: खूण केल्यावर शेजारी पुरावा लिहा. ‘शिक्षकांशी सहकार्य करतो’ यापुढे गेल्या तीन महिन्यांतली तारीख, इयत्ता आणि पाठाचे नाव लिहिता आले नाही तर खूण पुसा. वर्षासाठी दोनच बाबी निवडा. सगळ्या रकान्यांत एकदम पुढे जायचे ठरवले, की वर्षअखेर कुठलाच रकाना हललेला नसतो.

शिक्षकासोबत पाठ आखायचा म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे?

पॅट्रिशिया मॉन्टिएल-ओव्हरॉल यांनी २००५ मध्ये शिक्षक-ग्रंथपाल सहकार्याच्या चार पायऱ्या मांडल्या: समन्वय, सहकार्य, एकत्रित अध्यापन आणि शाळाभर एकत्रित अभ्यासक्रम. ‘सातवीसाठी अवकाशावरची दहा पुस्तके काढून ठेवा’ एवढे काम आपल्याकडे येत असेल तर आपण पहिल्या-दुसऱ्या पायरीवर आहोत. तिसऱ्या पायरीला उद्दिष्ट आणि मूल्यमापन दोघांचे असते. व्यावसायिक शिक्षणाचा सगळा भर या तिसऱ्या पायरीवर हवा.

पहिली बैठक २० मिनिटांची पुरे, पण कागद समोर ठेवून बसा. कागदावर पाच प्रश्न असावेत:

१. या पाठातून मुलांना काय समजले पाहिजे? एका वाक्यात.
२. माहिती शोधण्या-पारखण्याचे कोणते एकच कौशल्य या वेळी शिकवायचे?
३. शेवटी मुले काय तयार करतील, आणि ते कोण तपासेल?
४. प्रत्येक तासाला पुढे कोण उभे राहील आणि दुसरा त्या वेळी काय करेल?
५. कोणती मुले अडखळतील?

चौथा प्रश्न राहून गेला की घोळ होतो. ठरलेले नसल्यास शिक्षक तो तास वह्या तपासायला वापरतात आणि ग्रंथपाल एकटा पडतो. म्हणून नावापुढे काम लिहा: ‘ग्रंथपाल: नोंद कशी घ्यायची ते ८ मिनिटांत दाखवणार. शिक्षक: गट १ ते ५ पाहणार.’

साधनांचा हिशेबही याच वेळी करा. चाळीस मुले, चौघांचे दहा गट, प्रत्येक गटाला हाताशी किमान तीन साधने म्हणजे एकूण तीस. त्यातली दहा सोप्या वाचनपातळीची, पाच-सहा चित्रे, तक्ते किंवा नकाशांची. पुस्तके आठच असतील तर निवडक पानांच्या प्रती काढा आणि गट फिरते ठेवा: १२ मिनिटांनी गट पुढच्या टेबलावर.

शिक्षक म्हणतात, अभ्यासक्रम पुरा करायला वेळ नाही.

ही अडचण खरी आहे, म्हणून नवा प्रकल्प सुचवू नका. त्यांच्या नियोजनात आधीच असलेला प्रकल्प किंवा लेखी काम विचारा आणि त्यातला तपासायला सर्वांत कंटाळवाणा भाग कोणता ते ऐका. बहुतेकदा उत्तर येते, ‘सगळ्यांचे एकसारखे, उतरवलेले’. तेच तुमचे प्रवेशद्वार. सर्व शिक्षकांना सूचना पाठवून कोणी येत नाही. एकाशी बोला, दोन तास मागा आणि ते ठरल्या वेळी संपवा.

शोधप्रक्रिया शिकवायची म्हणजे कोणत्या क्रमाने?

इथे कॅरोल कुलथाऊ यांचे संशोधन प्रत्येक ग्रंथपालाने नीट समजून घ्यावे. माहिती शोधणाऱ्या विद्यार्थ्याचे विचार, कृती आणि भावना त्यांनी एकत्र अभ्यासल्या आणि सहा टप्पे सांगितले: सुरुवात, विषयनिवड, चाचपणी, रोख (शोधाची नेमकी दिशा) ठरवणे, माहिती गोळा करणे, मांडणी. त्यांचे महत्त्वाचे निरीक्षण असे, की विषय निवडल्यावर वाटणारा उत्साह चाचपणीच्या टप्प्यात ओसरतो आणि गोंधळ व शंका वाढतात. रोख सापडला की आत्मविश्वास परत येतो.

शाळेत आपण नेमका चाचपणीचाच टप्पा गाळतो. सोमवारी विषय देतो आणि शुक्रवारी प्रकल्प मागतो. गोंधळलेले मूल मग पहिले सापडलेले पान उतरवते. मूल आळशी असते म्हणून ही नक्कल होत नाही. स्वतःचा प्रश्न सापडण्याआधीच त्याला माहिती गोळा करायला लावलेले असते.

समजा विषय ‘साथीचे रोग कसे पसरतात’ असा आहे. पाच तासांची आखणी अशी करता येईल. पहिल्या तासाला सगळ्यांनी एकच छोटा उतारा आणि एक नकाशा पाहायचा, आणि मनात आलेले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहायचे. उत्तरे द्यायची नाहीत. दुसरा तास चाचपणीचा. साधने चाळायची, नोंदी घ्यायच्या नाहीत, पेन खाली. हा नियम मुलांना आणि काही शिक्षकांनाही खटकतो, पण तो सोडू नका. तिसऱ्या तासाला प्रत्येक गटाने आपला एक प्रश्न पक्का करायचा. प्रश्न चांगला की नाही याची साधी चाचणी: एकाच पानावर पूर्ण उत्तर मिळत असेल तर प्रश्न परत घ्यावा. ‘पटकीची लक्षणे कोणती’ हा नापास. ‘एकाच शहरात एका वस्तीत पटकी पसरली आणि शेजारच्या वस्तीत नाही, असे का होते’ हा पास. चौथ्या तासाला नोंदी: एका चिठ्ठीवर एकच मुद्दा, स्वतःच्या शब्दांत, मागे साधनाचे नाव आणि पान. पाचव्या तासाला मांडणी.

तास तीनच मिळाले तर चौथा आणि पाचवा एकत्र करा आणि पहिला आखडून दुसऱ्याच्या सुरुवातीला घ्या. दुसरा आणि तिसरा कापू नका.

संकेतस्थळ विश्वासार्ह आहे का, हे शिकवायची तपासयादी पुरते का?

पुरत नाही. लेखक कोण, तारीख कोणती, मांडणी व्यवस्थित आहे का, अशा याद्या मुलांना त्याच पानावर खिळवून ठेवतात, आणि फसवे पान नीटनेटके करणे सोपे असते. स्टॅनफर्डमधील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासतज्ज्ञ, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांची तुलना केली. तथ्यतपासनीस अनोळखी पानावर फार थांबत नव्हते. लगेच नव्या टॅब उघडून त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहत होते. म्हणून कमी वेळात त्यांचा निष्कर्ष अधिक बरोबर येत होता.

हे आधी स्वतः करून पाहा. तीन अनोळखी संकेतस्थळे घ्या, प्रत्येकी पाच मिनिटे, आणि मूळ पान न वाचता बाहेरून माहिती काढा. हाताला वळण पडले की वर्गात मोठ्याने विचार करत करून दाखवा. इंटरनेट तासाला बंद पडतेच, तेव्हा शोधनिकालांची छापील पाने तयार ठेवा. कोणत्या दुव्यावर आधी जाल आणि का, हा सराव कागदावरही होतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबद्दल ग्रंथपालाला काय यायला हवे?

ही साधने अस्तित्वात नसलेले संदर्भ पूर्ण आत्मविश्वासाने देऊ शकतात, हे करून दाखवता यायला हवे. तुम्हाला चांगल्या माहीत असलेल्या विषयावर दहा संदर्भ मागा आणि प्रत्येक संदर्भ तालिकेत किंवा प्रकाशकाच्या यादीत शोधा. कोणता सापडला, कोणता नाही, कोणात लेखक खरा पण पुस्तक खोटे, याचा तक्ता करा. तोच तक्ता शिक्षकांच्या बैठकीत १५ मिनिटांत मांडा. मुलांची वैयक्तिक माहिती अशा साधनात भरायची नाही आणि वयाची अट पाहायची, हे दोन नियम त्याच बैठकीत ठरवून घ्या.

शाळेत मी एकटाच ग्रंथपाल आहे. शिकायचे कोणासोबत?

शेजारच्या शाळांतले चार ते सहा ग्रंथपाल मिळून अभ्यासगट करा. सहापेक्षा जास्त झाले की प्रत्येकाच्या कामाला वेळ उरत नाही. तिघे असले आणि एक आला नाही तर बैठक पडते. महिन्यातून एकदा, ७५ मिनिटे, शक्यतो आळीपाळीने एकेकाच्या ग्रंथालयात. दर वेळी दोघांनी मुलांच्या कामाचे चार-पाच नमुने, नावे झाकून आणायचे.

प्रत्येकाच्या नमुन्यांसाठी मिळून अर्धा तास: आणणारा पाच मिनिटांत पाठ आणि आपला प्रश्न सांगतो. मग सगळे दहा मिनिटे शांतपणे काम पाहतात. पुढची दहा मिनिटे आणणाऱ्याने गप्प राहायचे आणि इतरांनी ‘मला असे दिसते’ एवढेच बोलायचे, सल्ला नाही. शेवटच्या पाच मिनिटांत तो स्वतः पुढच्या वेळी काय बदलणार ते सांगतो. उरलेला पाव तास पुढची तारीख आणि इतर कामांना. सुरुवातीला हे कृत्रिम वाटते. पण नियम सैल केला की बैठक तक्रारी, परिपत्रके आणि रिक्त पदांच्या चर्चेत जाते. त्या चर्चा गरजेच्या आहेत. त्यांना वेगळा वेळ द्या.

जागेची मांडणी केव्हा आणि कशी बदलावी?

दोन-तीन पाठमाला झाल्यावर. तोवर मुले कुठे अडतात ते कळलेले असते. आधी दोन आठवडे निरीक्षण करा: रोज ठरलेल्या तीन वेळी खोलीचा कच्चा नकाशा घेऊन कोण कुठे बसले आहे आणि काय करते आहे ते पाच मिनिटांत टिपा. रिकामे राहणारे कोपरे आणि गर्दीची ठिकाणे आपोआप दिसतात. मग नवी मांडणी जमिनीवर चिकटपट्टीने आखा आणि एक आठवडा वापरून पाहा.

खोलीच्या मधोमध असलेली कपाटे १२० सेंटिमीटरपेक्षा उंच नकोत, म्हणजे नजर आरपार जाते. उंच कपाटे भिंतीला. व्हीलचेअरसाठी वाट किमान ९० सेंटिमीटर आणि वळायला सुमारे १५० सेंटिमीटरचे वर्तुळ ठेवा. गटकामाची जागा आणि शांत वाचनाची जागा यांत कपाटांची रांग असावी. शेजारी ठेवली तर आठवडाभरात शांत वाचणारी मुले येणे थांबवतात. उंच कपाट हलवले तर ते भिंतीला पुन्हा घट्ट बसवल्याशिवाय मुलांना आत घेऊ नका.

जुनी पुस्तके बाद करायची भीती वाटते.

साठा कमी दिसेल, जबाबदारी अंगावर येईल, ही भीती रास्त आहे. म्हणून पद्धत शिका. टेक्सास राज्य ग्रंथालयाची क्रू पद्धत १९७६ पासून वापरात आहे. तिच्यात पुस्तक प्रसिद्ध होऊन किती वर्षे झाली, शेवटचे केव्हा नेले गेले आणि त्यात काय दोष आहे, असे तीन निकष विषयवार लावले जातात. दोष सहा: चुकीची किंवा दिशाभूल करणारी माहिती, फाटकी अवस्था, नवी आवृत्ती आलेली असणे, दर्जाहीन मजकूर, आपल्या वाचकांना उपयोग नसणे, आणि तेच इतरत्र सहज मिळणे.

एका वेळी दोनच खण घ्या. बाजूला काढलेली पुस्तके विषयशिक्षकाला दाखवा, यादी करून शाळेच्या नियमानुसार मंजुरी घ्या, दाखल नोंदवहीत निर्लेखनाची (पुस्तक बाद केल्याची) नोंद करा, शिक्का मारा, आणि मगच पुस्तक हलवा. नोंद करण्याआधी पुस्तके हलवली की पुढच्या पडताळणीत ती गहाळ ठरतात. स्थानिक इतिहास, शाळेची जुनी नियतकालिके आणि दुर्मीळ पुस्तके यांना वयाचा निकष लावू नका. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी शेवटचे सूत्र ग्रंथालयाला वाढती संस्था म्हणते, आणि वाढीत जुने गळणेही येते.

थ्रीडी प्रिंटर, रोबोटिक्स संच घ्यावेत का?

कोणत्या पाठात वापरणार त्याचे नाव सांगता आले तर घ्या, नाहीतर थांबा. पुठ्ठा, कात्री, दोरा आणि चिकटपट्टी यांवर वर्षभर भरपूर काम होते.

तास रिकामा असला की मला बदली शिक्षक म्हणून पाठवतात. शिकायला वेळ कुठून आणू?

आठवड्यात दोन तासिका सहनियोजनासाठी वेळापत्रकात लेखी मागा. तोंडी मिळालेली सवलत पहिल्याच गैरहजेरीला जाते. मागणीसोबत दोन गोष्टी द्या: पुढच्या सहा आठवड्यांत कोणत्या शिक्षकासोबत कोणता पाठ घेणार, आणि मागच्या पाठातला मुलांच्या कामाचा एक नमुना, आधीचा आणि नंतरचा. देवघेवीचा वेळ वाचवण्यासाठी प्रत्येक वर्गातून दोन विद्यार्थी तयार करा. ३० मिनिटांचे प्रशिक्षण, एक आठवडा शेजारी उभे राहून देखरेख, मग त्यांच्यावर सोपवा. कोणी कोणते पुस्तक नेले हे बाहेर बोलायचे नाही, हा नियम त्यांना पहिल्या दिवशी सांगा.

माझ्या शिकण्याचा मुलांना फायदा झाला, हे कसे दाखवायचे?

देवघेवीचे आकडे आणि उपस्थिती यांवरून वापर कळतो, शिकणे कळत नाही. पाठमालेच्या आधी आणि नंतर मुलांकडून तीन प्रश्नांची चिठ्ठी घ्या: या विषयाबद्दल मला काय माहीत आहे, माझा प्रश्न कोणता, आणि मी माहिती कुठे शोधेन. चाळीस चिठ्ठ्यांतून दहा निवडा: यादीतला प्रत्येक चौथा क्रमांक घ्या, म्हणजे हुशार मुलांचीच निवड होत नाही. दोन्ही वेळच्या उत्तरांची तुलना करा. मुलांनी वापरलेल्या साधनांची संख्या आणि प्रकारही मोजा.

हे एका पानावर मांडा: काय ठरवले, काय केले, काय बदलले, काय बदलले नाही. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका. मुलांचे प्रश्न सुधारले पण नोंदी अजून उतरवलेल्याच आहेत, असे दिसले तर पुढच्या सहा आठवड्यांत एका चिठ्ठीवर एक मुद्दा हेच शिकवायचे, आणि अभ्यासगटात नमुनेही त्याचेच न्यायचे.